रोपाचा वाटा

दुपारचा चहा झाला की सीना हेपल पुढच्या खोलीतल्या खुर्चीला मान टेकायची, आणि मग घर वाढू लागायचं.

डोळ्यांना काही दिसत नसे. पण आंबवलेलं पीठ फुगताना आवाज न करताही वरचं फडकं जरासं उचलतं ना, तसं व्हायचं. भिंती एक खोल श्वास घेत आणि सोडायला विसरत. जिना एखाद्या पायरीने लांबे. वरच्या मजल्यावर, जिथे आता कुणीच झोपत नव्हतं, तिथे नसलेलं दार उघडे, त्याच्या आत नसलेली खोली, आणि त्या खोलीत कुणीतरी येरझाऱ्या घालू लागे. सावकाश, चामड्याच्या बुटांची पावलं. घाई नसलेली. ज्याला आज ना उद्या सगळं मिळणारच आहे, तो माणूस असा चालतो.

"भागीदार आले वाटतं," सीना डोळे न उघडता म्हणायची.

मग शेजारच्या पोराचा रडण्याचा आवाज येई, किंवा कोपऱ्यावरची बस वळताना कुरकुरे, आणि घर पुन्हा आपल्या मापाचं होई. खाली एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर दोन खोल्या. ब्लेकरिगच्या तिसऱ्या रांगेतलं शेवटचं घर.

ब्लेकरिग हे नॉर्थम्बरलंडातलं कोळशाच्या खाणीचं गाव. खाण मिटली, तिच्यावरचं मोठं चाक उतरवलं, कोळशाच्या ढिगावर गवत आलं आणि गवतात ससे आले. राहिल्या त्या विटांच्या घरांच्या रांगा, कामगारांचा क्लब, आणि लीक. लीक ही कांद्याच्याच कुळातली, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी. दुसरीकडे ती बाजारात मिळते. ब्लेकरिगात ती वाढवली जाते, आणि या दोन गोष्टींत घोडा आणि शर्यतीचा घोडा यांच्याइतकं अंतर आहे. बाळाच्या मांडीएवढा दांडा, कापसासारखा पांढरा, आणि वर निळसर हिरव्या पानांचा पिसारा. सप्टेंबरात क्लबच्या टेबलांवर काळं मखमल अंथरून त्यावर ती ठेवतात, तेव्हा आयुष्यात चर्चची पायरी न चढलेले बाप्ये टोप्या काढतात. ज्याला हे खोटं वाटेल त्याने एकदा येऊन बघावं.

सीनाचा जन्म त्याच रांगेतला. बापाला थॉमस हवा होता, झाली मुलगी. त्याने नाव बदललं नाही, नुसतं लांबवलं: थोमसिना. पुढे खाणीच्या कँटीनमध्ये तिने उभी हयात बटाटे सोलले आणि तिथेच कथबर्ट हेपलशी तिची गाठ पडली. तो खाणीत खाली उतरायचा, वर आला की लीकच्या चरात उतरायचा. "माझा नवरा जमिनीच्या वर असतो कधी?" ती मैत्रिणींना विचारायची. "जेवायला तेवढा येतो."

तिला धाकटी बहीण एक, एडा. एडाने न्यूबिगिनच्या कोळ्याशी लग्न केलं आणि समुद्रावर गेली. आता तीही एकटीच. समुद्रासमोर बुटक्या बैठ्या घरांची ओळ आहे, त्यातलं एक तिच्याकडे भाड्याने. लहानपणी दोघी एका पलंगावर झोपत, पाठीला पाठ लावून, कारण थंडी फार असे. तेव्हाच ठरलं होतं, म्हातारपणी पुन्हा असंच राहायचं. एक भिंत मध्ये असली तरी चालेल. पण पाठ लागली पाहिजे.

आणि त्या वर्षी, वसंतात, एडाच्या भिंतीला लागून असलेलं घर रिकामं झालं.

"सीने," टेलिफोनवर एडा ओरडत होती. टेलिफोनवर ओरडावं लागतं असा तिचा जन्मभराचा समज होता. "म्हातारा गेला गं! देव त्याचं भलं करो. त्याचा पुतण्या घर विकतोय. मी त्याला सांगितलं, माझी बहीण घेणार, दुसऱ्याला दाखवलंस तर खबरदार."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, लीकच्या प्रदर्शनापर्यंत थांबतो. त्याची आई ब्लेकरिगची. सीने, जिना नाही! एक पायरीसुद्धा नाही. आंघोळीच्या खोलीतून समुद्र दिसतो. बसल्या बसल्या बोटी मोज."

सीनाचं कंबरेचं हाड झिजलं होतं. हिवाळ्यातच तिने आपला पलंग खाली आणवून घेतला होता, आणि वरचा मजला पायांना पारखा झाला होता. तिने फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. कथबर्टच्या चरावर ऊन पडलं होतं. तिला वाटलं, एवढं एकच मागायचं राहिलंय. पाठ टेकायला एक भिंत.

आता भागीदाराची गोष्ट सांगायला हवी, आणि त्यासाठी आधी रोपाची.

चांगलं लीक बाजारातल्या बियांपासून होत नाही. प्रदर्शनात जिंकलेलं लीक परत मातीत लावतात, त्याला फुलोऱ्यावर जाऊ देतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा दांडा माणसाच्या उंचीचा होतो, वर चेंडूएवढा गोंडा येतो, आणि त्या गोंड्यावरच हिरव्या केसांसारखी रोपं फुटतात. तीच खरी संपत्ती. ती कुणी विकत नाही. देतात, आणि दिली की वाटा ठरतो.

रोपाच्या वाट्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. ब्लेकरिगात ते पोराला चालता येण्याआधी कळतात. रोप देणाऱ्याने बक्षिसातला वाटा घ्यायचा, पण वाढवणाऱ्याचा शेणखताचा, रोपं उबेत ठेवायच्या कोळशाचा खर्च आधी बाजूला काढायचा. अर्ध्याच्या वर हात न्यायचा नाही, कारण रात्रंदिवस राखण करतो तो वाढवणारा. गोगलगायीने खाल्लं तर दोघांचं गेलं. देणाऱ्याने चर खणायला, चिखल तुडवायला यायचंच. आणि एका मोसमानंतर देणं फिटलं. पुढच्या वर्षीचं लीक ज्याचं त्याचं. कथबर्टने असे वाटे दिले आणि घेतले. त्या काळी बक्षिसं घरगुती असायची. सीनाच्या घरातलं कपाट, पलंग, इस्त्री, सगळं लीकवर मिळालेलं. एकदा कथबर्ट आणि नॉर्मन ट्युलिपला वाट्यात सोफा मिळाला. क्लबचा चिटणीस असलेला हा नॉर्मन इतका नियमाचा पक्का, की सोफा सहा महिने त्याच्या घरी आणि सहा महिने हेपलांकडे राहायचा, रस्त्यावरून उचलून नेलेला. शेवटी त्याचा पाय मोडला तेव्हा कुठे तो एका जागी बसला.

"सोफ्याचा की नॉर्मनचा?" लोक विचारायचे.

खाण मिटल्यावर कथबर्टच्या छातीत कोळशाची धूळ वाजू लागली. जिन्यावर तो अर्ध्यात बसायचा. छप्परही गळत होतं. खाली न्हाणीघर बांधायला हवं होतं, आणि हाती होतं ते एक घर, खाणवाल्यांकडून हप्त्याहप्त्याने सोडवून घेतलेलं.

त्या सुमारास बँकेचा एक तरुण क्लबमध्ये आला. नव्या बुटांचा, गोड बोलण्याचा. कर्ज आहे, म्हणाला, पण व्याज नाही. हप्ताही नाही. घराच्या आजच्या किमतीचा चौथा हिस्सा रोख घ्या. कधी घर विकलं, किंवा तुमच्या माघारी, तेव्हा तो परत करा, आणि मधल्या काळात घराची किंमत वाढली तर त्या वाढीतला वाटा आम्हाला द्या.

कथबर्टचे कान टवकारले. "आणि वाढलीच नाही तर?"

"तर दिलेलं तेवढं परत. वर एक पेनी नाही."

"गोगलगायीने खाल्लं तर दोघांचं गेलं," कथबर्ट सीनाकडे वळून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "अगं, हा रोपाचा वाटा आहे! शहाण्या लोकांनाही शेवटी आपलंच पटलं बघ."

"वाटा किती?" सीनाने विचारलं.

"वाढीचे तीन हिस्से आमचे, एक तुमचा."

"चौथा हिस्सा देणार आणि तीन हिस्से नेणार?"

तो तरुण हसला. हसणं चांगलं होतं त्याचं. "हेपलबाई, वाढ झाली तर ना! खाण गेली, रेल्वे गेली. ब्लेकरिगला येऊन कोण राहणार आहे?"

सगळे हसले. कथबर्टही खोकत खोकत हसला. यात त्याचा दोष नव्हता. ज्याने आयुष्यभर एकाच प्रकारचा वाटा पाहिला, त्याला वाटा म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? रोप घ्यायचं, हात मिळवायचा. बाकीचे नियम तर सगळ्यांना ठाऊकच असतात, असं त्याला वाटलं. वाट्याला काही शेवट आहे का, हे त्याने विचारलं नाही. जास्त वाढलं तर काय उरेल, हे समोरच्याने मांडून दाखवलं नाही. वकील बँकेनेच सुचवलेला, त्याला दुसऱ्या भेटीची घाई. सीनाने कथबर्टच्या सहीखाली सही केली.

न्हाणीघर झालं. छप्पर झालं. कथबर्टने त्या न्हाणीघरात शेवटची काही वर्षं सुखाने काढली, टबात बसून लीकच्या खताची गुपितं मोठ्याने पुटपुटत, आणि एका एप्रिलमध्ये रोपं चरात लावून झाल्यावर तो गेला.

आणि मग कुणी येणार नाही म्हणता म्हणता लोक आले. न्यूकॅसलला नोकरी करणारे, शहरात घर न परवडणारे, गाड्या घेऊन. रांगांतली घरं एकामागून एक रंगली. कोळशाच्या ढिगावर फिरायला पायवाट झाली. दर वर्षी कुणीतरी सीनाला सांगायचं, "तुमचं घर आता केवढ्याला जाईल, माहितेय का?" आणि ती म्हणायची, "मी कुठे जातेय?"

आता जायचं होतं. तिने बँकेला विचारलं. उत्तर छापील होतं आणि अतिशय नम्र. नॉर्मनने चष्मा लावून ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"सीना, घर विकलंस तर हातात जे राहील ना, त्यात न्यूबिगिनला दार येईल."

"दार?"

"दार. आणि फार तर दाराची कडी."

"आणि त्या न्हाणीघराचं काय? ते आम्ही बांधलं. छप्पर आम्ही घातलं. खिडक्या दर उन्हाळ्यात कथबर्टने रंगवल्या."

"त्याने घराची किंमत वाढली," नॉर्मन खाली मान घालून म्हणाला. "वाढीत त्यांचे तीन हिस्से."

त्या दुपारी सीनाला पहिल्यांदा वर पावलं ऐकू आली.

मग तिने एक विचित्र उद्योग आरंभला. घर लहान करायचं ठरवलं. काही पाडलं नाही; नुसती हात आखडून बसली. खिडक्यांचा रंग पोपडे धरू लागला, तिने धरू दिला. दारावरचा गुलाब तिने पाण्यावाचून ठेवला. पागोळीच्या नळीत गवत उगवलं. समुद्रावरून धुकं आत यायचं, सगळी रांग पुसून टाकायचं, आणि त्यात तिच्या खिडक्या कवड्यांसारख्या मिटलेल्या दिसायच्या. ती खुर्चीत बसून वाट बघायची, घर कधी आटतं याची. धुण्यात लोकर आटते तसं आटावं. वरचा माणूस छताला डोकं लागून हैराण व्हावा, आणि एके दिवशी आपलं सामान उचलून निघून जावा.

रांगेतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग तोंडावर बोलल्या. शेजारची केली, तान्ह्या पोराची आई, नव्याने आलेल्यांपैकी, एकदा रंगाचा डबा घेऊन आली. "सीनामावशी, आमचा उरलाय. मी लावते ना दोन हात."

"हात लावशील तर बघ," सीना म्हणाली. "त्या एका खिडकीच्या रंगाने बँकेच्या तीन खोल्या वाढतात."

नॉर्मन मात्र चिडला. "कथबर्टने बघितलं असतं तर? घर सडवतेस तू."

"ज्याचं आहे त्याने रंगवावं. तुझ्या सोफ्यासारखं. सहा महिने बँकेच्या घरी पाठव."

"आणि चराचं काय? त्यातही तण वाढू देणार?"

चर तिने सोडला नव्हता. काठी टेकत, धुक्यात, ती रोज तिथे जायची. कथबर्टच्या जातीचं लीक त्या गावात आता तिच्याकडेच होतं. ती वाढवायची, आणि क्लबचा सभासद तो, म्हणून प्रदर्शनात नॉर्मनच्या नावाने ठेवायची, रोपाच्या वाट्याने. भिंती सुकत होत्या, गुलाब वाळत होता, आणि त्या सगळ्याच्या मध्ये पांढरे दांडे जाड होत चालले होते.

उन्हाळा सरताना बातमी आली. अशा कर्जांत अडकलेले म्हातारेकोतारे देशभर होते. कुणाला मुलीजवळ जायचं होतं, कुणाला दवाखान्याजवळ, आणि सगळे आपापल्या घरात कोंडले होते. आधी ही कर्जं कुठल्याच नियमात बसत नव्हती. तक्रार घेऊन जावं तर दार सापडत नव्हतं. आता अशाच कर्जांची नवी लाट येत होती, म्हणून नियम करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली होती, आणि ती लोकांचं ऐकायला जवळच्या मॉर्पेथ गावी येणार होती. प्रदर्शनाच्याच आठवड्यात.

"मी काय बोलणार?" सीना म्हणाली.

"जे मला बोलतेस ते," नॉर्मन म्हणाला. "शिव्या तेवढ्या वगळ."

एडाने फोनवर ओरडून सांगितलं, "त्यांना म्हणावं, माझी बहीण भिंतीपलीकडे यायला बसलीय, लवकर काय ते करा!"

जाताना बसमध्ये सीनाचा डोळा लागला. तिला दिसलं, कथबर्ट लीक मोजायची फीत घेऊन घराभोवती फिरतोय. फीत कोपऱ्याला लावतो, दुसऱ्या टोकाला जातो, तोवर कोपरा पुढे सरकलेला असतो. "थांब की जरा," तो घराला म्हणत होता, हट्टी बैलाला म्हणावं तसं. "तुझं माप घेऊ दे. माप घेतल्याशिवाय वाटा कसा करायचा?" घर समुद्रावर पोचलं तरी थांबेना. लाटा खिडक्यांत आल्या. एडा आंघोळीच्या खोलीतून बोटी मोजत होती.

"उतरायचं," नॉर्मन म्हणाला.

समितीची अध्यक्ष एक करड्या केसांची बाई होती, खूप दिवस खूप ऐकून थकलेली. सीनाच्या आधी एक म्हातारा रडला होता आणि त्याच्या खुर्चीवर अजून त्याचा रुमाल राहिला होता. सीनाने तो घडी करून बाजूला ठेवला आणि बसली. मांडीवर पिशवी होती, पिशवीतून लीकची पानं बाहेर आली होती.

"हेपलबाई, तुम्हाला कर्ज घेताना काय समजावलं गेलं होतं?"

"वाटा, असं सांगितलं होतं. आणि आमच्यात वाटा म्हणजे काय, ते मी सांगते, मग बघा." आणि तिने रोपाचा वाटा सांगितला. खर्च आधी बाजूला. अर्ध्याच्या वर हात नाही. चिखलात यायचं. मोसम संपला की फिटलं. हळूहळू सांगितलं, मध्ये थांबून, गोगलगायींसकट. सोफ्याचं सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर लोक हसले, आणि नॉर्मनची मान लाल झाली.

बँकांच्या बाजूने बसलेला एक गृहस्थ सभ्यपणे म्हणाला, "पण बाई, कराराखाली सही तुमचीच आहे. आकडे त्यात होते. आणि पैसे तुम्ही वापरले."

"वापरले. न्हाणीघर छान झालं," सीना म्हणाली. "माझ्या नवऱ्याला त्यात गरम पाणी मिळालं, हे मी विसरत नाही. तुमचं ते देणं आहेच. पण दादा, तुम्ही रोप दिलंत आणि परत चराकडे फिरकला नाहीत. वाढवलं आम्ही. तुम्ही फक्त मोजायला येणार."

गृहस्थाने खाली काहीतरी टिपलं. कदाचित त्याच्याही घरी कुणी म्हातारं असेल.

"तुमच्या मते नियम काय असावा?" अध्यक्षबाईने विचारलं.

"नियम मला लिहिता येत नाही. पण वाढलं तर काय आणि खूप वाढलं तर काय, हे आधी मांडून दाखवा. आणि जेवढं दिलं त्या मानाने घ्या. आणि माणसाला हलू द्या, बाई. झाडसुद्धा दुसरीकडे लावता येतं, माती बरोबर घेऊन."

अध्यक्षबाई पुढे झुकली. "हेपलबाई, तुम्हाला खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. आम्ही जे काही सुचवू, ते पुढच्या करारांना लागू होईल. झालेल्या करारांना कायदा मागे जाऊन हात लावेल, असं मला वाटत नाही."

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"नाही."

सीनाला तिचं एक आवडलं. बोलताना तिने नजर खाली घातली नाही. सीनाने पिशवीतून एक लीक बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "याचं सार करा. बटाटा घाला, दूध शेवटी. उकळू देऊ नका."

परतीच्या बसमध्ये नॉर्मन आणि ती शेजारी बसले. शेतांवर धुकं उतरत होतं. ब्लेकरिगच्या थांब्यावर नॉर्मन म्हणाला, "प्रदर्शनाला दुसरं आहे ना? ते मोठं?"

"आहे."

त्या मोठ्या लीकने त्या वर्षी पहिलं बक्षीस घेतलं. सीनाने टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी पुतण्याला तिने कळवलं की घर घेणं जमत नाही, दुसऱ्याला दाखव. एडाने फोन उचलला, पण ओरडली नाही. ती हळू बोलत होती, आणि सीनाला एकही शब्द नीट ऐकू आला नाही.

बैठं घर लांबच्या एका जोडप्याने घेतलं, सुट्टीत येण्यासाठी.

सीनाने जिंकलेलं लीक परत चरात लावलं. सहसा दोन-चार लावतात, सीनाने ते एकच लावलं. हिवाळा गेला. उन्हाळ्यात त्याने दांडा सोडला, सीनाच्या डोक्यावरून वर गेला, आणि टोकाला जांभळट गोंडा आला. दुपारी गुंगीत तिला तो खिडकीतून दिसायचा, धुक्यात तरंगणारा, दांड्याशिवाय, एखाद्या छोट्या चंद्रासारखा. वरची पावलं चालूच होती. पण आता तिला त्यांचा राग येईनासा झाला होता. तिने दारावरच्या गुलाबाला पाणी घातलं. मेला नव्हता तो.

नियम झाले. उन्हाळा संपता संपता एका सकाळी केली कुंपणाशी आली, पोर कडेवर. "सीनामावशी, मला एक विचारायचंय. एक कंपनी आहे, घरातल्या वाट्यावर पैसे देते. हप्ता नाही. तुमचं झालं होतं तसलंच ना?"

"सही केलीस?"

"करूच देत नाहीत अजून! आधी त्यांना दाखवावं लागलं, घर दुप्पट झालं तर काय नेणार, तिप्पट झालं तर काय. चौथा हिस्सा दिला तर वाढीतला चौथाच घेता येतो. आम्ही वर खोली बांधली तर ती वाढीत धरायची नाही. उद्या दुसरीकडे राहायला गेलो तर कर्ज बरोबर नेता येतं. आणि सल्लागार आमचा आम्ही निवडायचा, त्यांचा नाही. तो म्हणाला, महिनाभर विचार करा."

"मग?"

"विचार करतेय." केलीने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मावशी, हे तुम्हाला लागू नाही ना?"

"नाही गं. आमचा मोसम वेगळा." सीना गोंड्याकडे बघत होती. हिरव्या केसांसारखी रोपं त्यावर फुटू लागली होती. "तुला चर खणता येतो का?"

"मला? नाही."

"नॉर्मन शिकवेल. शिव्या घालेल, पण शिकवेल. नोव्हेंबरात यातली रोपं देईन. वाटा कळतो ना तुला?"

केली हसली. "आधी मांडून दाखवा."

ऑक्टोबरातली एक दुपार. धुकं खिडकीपर्यंत आलेलं. सीना खुर्चीत होती, आणि घर वाढत होतं, सवयीने. जिना लांबला. वर दार उघडलं. पावलं आली. पण ही पावलं जड होती, घाईची, एक पाय जरा ओढणारी, आणि मध्ये काहीतरी आपटलं, आणि पिंजऱ्यातला पक्षी किंचाळल्यासारखं वाटलं.

सीनाने डोळे उघडले. दारात एक पेटी होती. पेटीवर ओला कोट.

"सीने!" वरून हाक आली, समुद्राच्या वाऱ्यात बोलायची सवय असलेली हाक. "दार उघडं टाकून झोपतेस? चोर शिरला असता म्हणजे? आणि वर केवढी धूळ गं ही! माझ्या पक्ष्याला खोकला होईल."

"एडे?"

"नाही, तुझी बँक आलीय! त्या कुलूप लावलेल्या घराशेजारी आणखी एक हिवाळा काढणार नाही मी. भिंतीवर ठोकलं तर पलीकडून ठोकणारं कुणी नाही. तुला येता येत नाही ना? मग मी आले."

"आणि तुझा समुद्र?"

"समुद्राला काय होतंय? बस जाते ना रोज." पावलं खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. "टॉवेल कुठे ठेवतेस? आणि ती बागेत काठी कसली उभी आहे, डोक्यावर टोपी घातल्यासारखी?"

"लीक आहे ते. बियाण्याचं."

"शी. मला आवडत नाही, माहितेय तुला. सार करशील तर मी जेवणार नाही."

सीनाने मान पुन्हा टेकली. वर उरलेला पलंग ओढल्याचा आवाज झाला, मग नेमका तिच्या डोक्यावर, जिथे भिंत सरळ खाली तिच्या खुर्चीच्या पाठीशी येते, तिथे तो थांबला. धुक्याला खाऱ्या वासाची एक झुळूक होती. डोळा लागता लागता सीनाने कान देऊन ऐकलं. घरात एकाच माणसाची पावलं होती.

"कपाटात," ती म्हणाली. "खालच्या खणात. लीकवर मिळालेलं कपाट ते."